छोट्या विमानांचा आवाज: उपाय माहीत होता, तरी उशीर का?

दोन-चार माणसांचं छोटं विमान घरावरून गेलं की आपण इंजिनाला दोष देतो. टेकऑफच्या वेळी मात्र कान किटवतो तो मुख्यतः पंखा, म्हणजे प्रोपेलर. सेस्ना १७२ या चार आसनी विमानाचा पंखा ७६ इंचांचा, म्हणजे दोन मीटरही नाही. तो मिनिटाला २,७०० फेरे घेतो तेव्हा पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २७० मीटर वेगाने फिरतं. ध्वनीचा वेग ३४० मीटर. टोक त्याच्या जितकं जवळ जातं, तितका आवाज झपाट्याने वाढतो.

हे नवं ज्ञान नाही. नासाची पूर्वसंस्था असलेल्या एनएसीएने १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्टिन्सन एल-५ या छोट्या विमानाला गिअर लावून पाच पात्यांचा, सावकाश फिरणारा पंखा बसवला, एक्झॉस्टला सायलेन्सर जोडला आणि जमिनीवर आवाज मोजला. तो बराच उतरला होता. पण वजन आणि खर्च वाढतो म्हणून बाजारातली विमानं तशीच राहिली.

अमेरिकी लष्कराला गरज पडली तेव्हा हेच जमलं. व्हिएतनाममध्ये रात्रीच्या टेहळणीसाठी लॉकहीड कंपनीने ग्लायडरच्या (इंजिनाविना तरंगणाऱ्या विमानाच्या) सांगाड्यावर वायओ-३ए हे विमान बांधलं. पट्ट्याने मंदावलेला पंखा, पोटाखाली लांबलचक सायलेन्सर. १९७० मध्ये ते तिथे उडू लागलं, तेव्हा खालच्यांना चाहूलही लागत नसे. विमानतळाशेजारी राहणाऱ्यांसाठी इतकी कळकळ कुणी दाखवली नाही, हे मला आजही खटकतं.

आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानांच्या आवाजाचे नियम १९७१ मध्ये स्वीकारले. छोट्या पंखेवाल्या विमानांची चाचणी आधी ३०० मीटर उंचीवरून सरळ उड्डाणात होई. टेकऑफचा खरा त्रास त्यात मोजलाच जात नव्हता. नोव्हेंबर १९८८ पासूनच्या प्रमाणपत्राच्या नव्या अर्जांना टेकऑफची चाचणी लागू झाली.

जर्मनीने १९९९ मध्ये वेगळा मार्ग धरला. वर्दळीच्या छोट्या विमानतळांवर दुपारी १ ते ३, म्हणजे ऐन वामकुक्षीच्या वेळी, शिकाऊ विमानांच्या घिरट्यांसारख्या उड्डाणांवर बंधन आणलं. मात्र ज्यादा कडक आवाजमर्यादा पाळणाऱ्या विमानांना सूट दिली. मालकाला सायलेन्सरवर पैसे घालायला यापेक्षा चांगलं कारण कोणतं? एकाच घरावरून दिवसभर तेच विमान फिरतं तेव्हा काय होतं, हे बारामतीसारख्या वैमानिक प्रशिक्षणाच्या गावांना वेगळं सांगायला नको.

जून २०२० मध्ये युरोपात पिपिस्ट्रेल वेलिस इलेक्ट्रो या दोन आसनी विजेच्या विमानाला प्रमाणपत्र मिळालं. त्याचा नोंदलेला आवाज ६० डेसिबल. एक्झॉस्ट नाहीच, त्यामुळे उरतो तो पंख्याचा आवाज.