सरपण कुठल्या झाडाचं? साल बघाच, पण तोडलेलं टोक जास्त बघा

लाकूडफाटा अंगणात येऊन पडतो तेव्हा त्याला ना पान असतं ना फूल, आणि आपली झाडं ओळखायची सगळी सवय पानाफुलांवरच. मग उरते साल आणि तोडलेलं टोक. साल सगळेच बघतात, टोक फारसं कोणी बघत नाही, पण माझ्या मते खरी माहिती तिथेच असते.

आधी साल. ऐन सगळ्यात सोपा, काळपट साल आणि उभ्याआडव्या भेगांनी पडलेले चौकोनी तुकडे, थेट मगरीची पाठ. धावडा त्याच जंगलात असतो पण त्याची साल पातळ, गुळगुळीत, पांढुरकी, खपल्या गळून गेल्या तिथे उथळ खळगे. खैराची साल लांब अरुंद पट्ट्यांनी सुटते. बाभळीची काळसर, खोल उभ्या भेगांची, कोयत्याने खरवडली की आतून लालसर. अडचण अशी की हे सगळं मोठ्या खोडाचं वर्णन झालं, कोवळ्या फांदीवर या भेगा नसतातच, आणि सरपणात फांद्याच जास्त येतात, शिवाय वाळलेल्या लाकडाची साल बऱ्याचदा गळून गेलेली असते.

म्हणून टोक बघायचं. धारदार ब्लेडने टोकाचा छोटा भाग आडवा, स्वच्छ कापा, थोडं पाणी लावा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या लेन्समधून बघा. बारीक छिद्रं दिसतील, त्या पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या, आणि मधून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषा दिसतील, ते किरण. सागात मोठी छिद्रं वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला एका ओळीत येतात, त्यामुळे दरवर्षीच्या वाढीची वर्तुळं नुसत्या डोळ्यांनीही कळतात (पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सागाच्या याच वर्तुळांवरून जुन्या काळातल्या पावसाचा अभ्यास झालाय, मला तर हे फारच भारी वाटतं). बाभळीत छिद्रं सगळीकडे विखुरलेली आणि प्रत्येकाभोवती फिकट कडं. खैरात लालभडक-तपकिरी गाभा आणि बाहेरचं पिवळट लाकूड यांच्यातली सीमा एकदम स्पष्ट असते, आणि काही छिद्रांत पांढरा साका भरलेला दिसतो. अजून एक खूण म्हणजे ओल्या बाभळीवर किंवा खैरावर कुऱ्हाडीचं लोखंड लागलं की निळसर काळा डाग पडतो, कारण लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि लोखंड यांची रिॲक्शन होते.

आता हे बघून चुलीला काय फायदा? तर लाकूड कुठलंही असो, त्याच्या पेशींच्या भिंतीची घनता जवळपास सारखीच असते, पाण्याच्या दीडपट. फरक पडतो तो आतल्या पोकळीने. खैरात भिंती जाड आणि पोकळी कमी, म्हणून वाळलेलं लाकूडसुद्धा घनमीटरला 950 किलोच्या आसपास भरतं, सावरीचं जेमतेम 350. किलोच्या हिशोबात दोघांची उष्णता साधारण सारखीच, पूर्ण कोरड्या लाकडाची 4500 किलोकॅलरीच्या आसपास, पण सावर भसकन जळून जाते आणि खैर, बाभूळ, धावडा यांचे निखारे टिकून राहतात. त्यामुळे जळण मोळीवर किंवा ट्रॉलीवर घेत असाल तर झाड ओळखता यायलाच पाहिजे, वजनावर घेत असाल तर ओल जास्त महत्त्वाची, नाहीतर पाण्याचेच पैसे दिले जातात. तेही टोकावरच कळतं. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जवळपास दुप्पट आकसतं आणि मधून बाहेरच्या दिशेने कमी, म्हणून वाळलेल्या ओंडक्याच्या टोकाला मधून सालीकडे जाणाऱ्या भेगा पडतात. भेगा नाहीत, टोक गार लागतंय, म्हणजे लाकूड बहुतेक ओलं आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. सालीतून चीक येत असेल आणि तो हवेत काळा पडत असेल तर तो बिब्बा असू शकतो, त्याला हात लावू नका आणि चुलीत तर अजिबात घालू नका, चिकाने अंगावर फोड येतात आणि धूरही बाधतो.

आणि लाकूड जळून गेलं तरी ओळख लगेच पुसली जात नाही. कोळशात वाहिन्या आणि किरण तसेच राहतात, म्हणून तर उत्खननात सापडलेल्या चुलींमधल्या कोळशावरून तेव्हा कुठलं झाड जाळत होते ते सांगता येतं. घरी करून बघायचं असेल तर पूर्ण विझलेला, गार झालेला कोळसा घ्या, हाताने आडवा मोडा आणि ताजी मोडलेली बाजू उजेडात लेन्सखाली धरा. पाणी लावायची गरज नाही, ब्लेडही लागत नाही.