समलैंगिकता ही पश्चिमेकडून आलेली आहे का?

पुरुषांमधले समलिंगी संबंध ही आधुनिक पश्चिमेची देणगी, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

चीनमधला हान सम्राट आय इसवी सनपूर्व 7 ते 1 या काळात गादीवर होता. डोंग शियान हा त्याचा प्रियकर. तो सम्राटाच्या बाहीवर झोपला होता. त्याची झोपमोड होऊ नये म्हणून सम्राटाने बाहीच कापली, असं हान घराण्याच्या इतिहासातच नोंदवलं आहे. त्याआधी सिमा च्येन या चिनी इतिहासकारानेही सम्राटांच्या अशा मर्जीतल्या पुरुषांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं होतं. जपानच्या सामुराईंमध्येही अशी नाती उघड होती.

अनेक वसाहतींत बाहेरून आली ती कायद्याची शिक्षा. इंग्लंडमध्ये 1533 साली अशा संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा झाला. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 377 आलं आणि तोच साचा ब्रिटिशांनी अनेक वसाहतींत वापरला.

मात्र जुन्या नात्यांना आजची ओळख चिकटवणंही घाईचं ठरेल, आणि अभ्यासकांचा खरा वाद इथेच आहे. प्राचीन अथेन्समध्ये अशा नात्यांत वय आणि नागरिकत्वाचा दर्जा निर्णायक होता. काहींच्या मते स्वतंत्र ओळख म्हणून समलैंगिकता एकोणिसाव्या शतकात घडली. इतरांना तिच्या खुणा बऱ्याच आधी दिसतात. अशी नाती होती, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंना शंका नाही.