पार्श्वभूमी : कोर्टात मुलाच्या शेजारी कोण उभं राहिलं?

गरीब शेजाऱ्यांसाठी उघडलेल्या हल हाऊस या घरातल्या पहिल्याच नाताळात काही लहान मुलींनी समोर केलेल्या गोड गोळ्यांना हात लावला नाही. आम्ही गोळ्यांच्याच कारखान्यात कामाला आहोत, आता त्या डोळ्यांसमोर नकोत, असं त्यांनी सरळ सांगितलं. विचारपूस केल्यावर कळलं की सणाच्या गर्दीपायी सहा आठवडे त्या सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबत होत्या. शिकागोतलं हे घर उघडून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. बालमजुरीबद्दल आपल्याला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं, हे ते घर सुरू करणाऱ्या जेन अ‍ॅडम्स यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. शहरातल्या गरीब वस्त्यांत तरुण मुलांसाठी जे समाजकार्य आज चालतं, त्याची एक ठळक सुरुवात या कबुलीपाशी आहे असं मला वाटतं.

अ‍ॅडम्स यांचा जन्म १८६०चा, इलिनॉयमधल्या सीडरव्हिल गावचा. घर श्रीमंत, पण आई त्या दोन वर्षांच्या असतानाच गेली आणि लहानपणीच मणक्याला क्षयाने गाठलं. १८८१मध्ये शिक्षण संपलं, त्याच वर्षी वडील वारले. डॉक्टरकीचा अभ्यास आजारपणामुळे सुटला. पुढची कित्येक वर्षं काय करावं हेच उमगेना. १८८८मध्ये लंडनच्या गरीब वस्तीतलं टॉयन्बी हॉल त्यांनी पाहिलं. तिथे विद्यापीठात शिकलेले तरुण गरिबांच्या शेजारी राहायला आले होते. पुढच्याच वर्षी, १८ सप्टेंबर १८८९ला, मैत्रीण एलन गेट्स स्टार हिच्यासोबत त्या हॉल्स्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या वाड्यात राहायला गेल्या. आजूबाजूला इटालियन, जर्मन, ज्यू, बोहेमियन कुटुंबं. मदत वाटून संध्याकाळी आपल्या घरी परतणाऱ्या बायका वेगळ्या. अ‍ॅडम्स तिथेच राहिल्या, मरेपर्यंत.

राहिल्यामुळेच गोष्टी दिसत गेल्या. हल हाऊसच्या क्लबात येणारी तीन मुलं शेजारच्या कारखान्यात एकाच यंत्रावर जखमी झाली, त्यातलं एक दगावलं. यंत्राला लागणारं संरक्षक कवच काही डॉलरांत बसलं असतं. मालकांना धक्का बसेल, ते लगेच काहीतरी करतील, असं अ‍ॅडम्स यांना वाटलं होतं. त्यांनी काही केलं नाही. उलट, निष्काळजीपणामुळे इजा झाली तर भरपाई मागणार नाही, अशा आईबापांच्या सह्या घेतलेले कागद अ‍ॅडम्स यांना पहिल्यांदाच पाहायला मिळाले. १८९३मध्ये इलिनॉयने चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला ठेवण्यावर बंदी आणली. त्यामागे हल हाऊसमध्ये राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांची मेहनत होती आणि राज्याच्या पहिल्या मुख्य कारखाना निरीक्षकही त्याच झाल्या.

पण कारखान्यातून सुटलेलं पोर रस्त्यावर सापडलं तर थेट तुरुंगात, मोठ्या कैद्यांमध्ये जात असे. १८९९च्या कायद्याने शिकागोत अमेरिकेतलं पहिलं बाल न्यायालय आलं आणि बारा वर्षांखालच्या मुलांना तुरुंगात टाकायला मनाई झाली. मुलांवर लक्ष ठेवायला प्रोबेशन ऑफिसर नेमायचं ठरलं, मात्र त्यांच्या पगाराला सरकारी तिजोरीतून एक पैसाही नव्हता! म्हणून स्त्रियांच्या एका समितीने वर्गणी जमवून पगार दिले. पहिल्या प्रोबेशन ऑफिसर अल्झिना स्टीव्हन्स याही हल हाऊसच्याच रहिवासी. मुलाच्या घरी जायचं, आईशी बोलायचं, शाळेत विचारायचं आणि मग न्यायाधीशांना सांगायचं की हे पोर नेमकं कोण आहे. या कामाचा गाभा तेव्हाही हाच होता.

१९०९च्या सुमारास कोर्टापुढे आलेल्या मुलांचे गुन्हे अ‍ॅडम्स यांनी एक एक करून मांडले आहेत: रुळांच्या कडेला शेकोटी पेटवली, धावत्या गाडीच्या खिडक्यांवर दगड मारले, सिग्नलचे दिवे फोडले. त्यांना यात पाप दिसलं नाही. खेळायला जागा नसलेल्या वयाची धडपड दिसली. म्हणून हल हाऊसने मैदान केलं, नाटकं बसवली, वाद्यवृंद उभा केला. पुढे जॅझमध्ये नाव काढलेला बेनी गुडमन लहानपणी तिथल्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा.

ही गोष्ट एकट्या अ‍ॅडम्स यांची म्हणून सांगितली जाते, तेव्हा एक नाव हमखास गळतं. दक्षिणेतून शिकागोत येणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांसाठी आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार बाईंनी १९१०मध्ये स्टेट स्ट्रीटवर वाचनालय, निवारा आणि नोकरी शोधून देणारं केंद्र चालू केलं. १९१३मध्ये त्या प्रोबेशन ऑफिसर झाल्या आणि त्या पगारातून केंद्राचा खर्च भागवू लागल्या.

अ‍ॅडम्स यांना १९३१चं शांततेचं नोबेल विभागून मिळालं. १९३५मध्ये त्या गेल्या. त्यांच्या पिढीने बाल न्यायालय मुद्दाम घरगुती ठेवलं होतं: वकील नको, न्यायाधीशाने बापासारखं बोलावं. त्या मायेच्या भाषेत मुलाचे हक्कच हरवतील, हे त्यांनी पुरेसं ओळखलं नाही असं मला वाटतं. १९६४मध्ये अ‍ॅरिझोनात पंधरा वर्षांच्या जेराल्ड गॉल्टला एका अश्लील फोनच्या आरोपावरून एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात धाडण्यात आलं. त्याच गुन्ह्याला मोठ्या माणसाला जास्तीत जास्त पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. १९६७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश चुकीचा ठरवला. त्यानंतर बाल न्यायालयात प्रोबेशन ऑफिसरच्या जोडीला मुलाचा वकीलही उभा राहू लागला.