घसरगुंडीखालचे खड्डे

गेल्या पंधरवड्यात आमच्या उपनगरातल्या बागेच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो फिरला. घसरगुंडीखालच्या लाल मातीत रुपयाएवढे पाच-सहा खड्डे, आणि खाली इशारा : ‘हे विषारी किडे मुलांच्या पायातून अंगात शिरतात, रक्त पितात. पुढे पाठवा.’ दुसऱ्याच दिवशी सकाळी फिरायला येणाऱ्या एका अक्कांनी मला गाठलं. ‘सर, तुम्ही सायन्सवाले. औषध मारायला सांगा की तिथं. नातवंडं खेळतात आमची.’

ते रक्तही पीत नाहीत आणि अंगातही शिरत नाहीत. खड्ड्याच्या तळाशी, मातीत स्वतःला गाडून घेऊन, फक्त जबडा वर काढून बसलेली ती एका कीटकाची अळी असते. इंग्रजीत तिला अँटलायन म्हणतात. या लेखापुरतं आपण मुंगीसिंह म्हणू. सिंह जेमतेम एक सेंटिमीटरचा. खड्ड्यात घसरलेली मुंगी जबड्यात धरायची, तिच्या शरीरात पाचक रस सोडायचा, आतला भाग पातळ झाला की तो शोषून घ्यायचा आणि उरलेलं टरफल बाहेर भिरकावून द्यायचं, हा त्याचा उद्योग. अळी असेपर्यंत त्याला गुदद्वारच नसतं. सगळी घाण पोटात साठते आणि पंख फुटल्यावरच बाहेर पडते. (शाळेतल्या मुलांना हे सांगितलं की पुढचा अर्धा तास ती दुसरं काही ऐकत नाहीत.)

खरी गंमत मात्र खड्ड्यात आहे.

खळ्यावर भाताची रास घालताना बघा. वरून भात ओतत राहिलं तरी रास एका मर्यादेपलीकडे उभट होत नाही. जास्तीचे दाणे घरंगळून खाली येतात आणि उतार तेवढाच राहतो. दाण्या-दाण्यांतलं घर्षण जेवढा उतार पेलू शकतं, तेवढाच टिकतो. भौतिकशास्त्रात या उताराला ‘अँगल ऑफ रिपोज’ म्हणतात. कोरड्या वाळूत तो साधारण ३० ते ३५ अंश भरतो. मुंगीसिंह हीच रास उलटी करतो. शंकूचं टोक खाली, आणि भिंतींचा उतार बरोबर त्या मर्यादेवर. आणखी एक कण हलला तरी दरड कोसळेल, इतक्या बेतावर.

खणण्याची रीतही बघण्यासारखी. तो मागे मागे सरकत गोल फिरतो, वर्तुळ आत आत घेत जातो आणि चपट्या डोक्यानं माती वर उडवतो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली याचा अभ्यास केला. असं गोल फिरत खणताना जाडे कण बाहेर फेकले जातात आणि भिंतीवर बारीक कणांचा थर उरतो. या बारीक थरावर पाय ठरत नाही.

आता शाळेतला घर्षणाचा नियम आठवा. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं, आणि उतारावरून खाली ओढणारं बलही वजनाच्याच प्रमाणात वाढतं. म्हणजे वस्तू कोणत्या कोनाला घसरेल, याच्याशी वजनाचा संबंध उरत नाही. या हिशेबानं एकाच उतारावर मुंगी घसरत असेल तर मुंगळाही घसरायला हवा आणि भुंगाही. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली वाळूच्या अशा कोसळायच्या बेतात असलेल्या उतारावर वेगवेगळ्या वजनाच्या वस्तू ठेवून पाहिल्या, तेव्हा हा नियम चालेना. अगदी हलकी वस्तू कणांना धक्काच देत नाही, म्हणून टिकते. जड वस्तू वाळूत रुतते, तिच्या खालच्या बाजूला कणांचा छोटा बांध तयार होतो, म्हणून तीही टिकते. घसरते ती मधली. कण हलवण्याइतकी जड, पण बांध उभा करण्याइतकी नाही. दर चौरस मिलिमीटरवर पडणारा दाब एका ठरावीक मूल्याला पोचला की घर्षणांक, म्हणजे दाबाच्या मानानं मिळणारं घर्षण, सगळ्यात कमी होतो, आणि दाब त्याहून वाढवला तरी वा घटवला तरी घर्षणांक वाढतो. घसरण्याच्या या पट्ट्यात मुंग्या येतात. अळीला यातलं काही कळायची गरज नाही. तिच्या पूर्वजांपैकी ज्यांचे खड्डे असे कोसळायच्या बेतात होते, त्यांचं पोट भरलं.

हे सगळं कोरड्या मातीतच चालतं. आपली जांभ्याची लाल माती ओली झाली की कण एकमेकांना चिकटतात आणि बांधाची भिंत काटकोनात कापली तरी उभी राहते. मग दरड कोसळत नाही आणि मुंगी आरामात चढून जाते. म्हणून बेळगावच्या पावसात उघड्यावर हे खड्डे दिसायचे नाहीत. ते सापडतात ते घसरगुंडीखाली, बाकड्याच्या आडोशाला, देवळाच्या पागोळीच्या आतल्या बाजूला. शिकार मिळाली नाही तरी अळी महिनोन्महिने उपाशी काढू शकते. पुढे ती मातीचे कण रेशमानं सांधून गोल कोश करते, त्यातून चतुरासारखे पंख असलेला कीटक बाहेर पडतो आणि रात्री दिव्याभोवती फडफडतो. तिथं पाल त्याला गट्ट करते. तीच पाल अंगावर पडली तर धनलाभ की मृत्यू, याचे कोष्टक पंचांगात छापून येतं. ती भिंतीवर काय खाते, ते मात्र कोणी छापत नाही.

खानापूर तालुक्यातलं १९० चौरस किलोमीटरचं भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. सुट्टी मिळाली की आपण गाडी काढून तिकडं ‘वाइल्डलाइफ’ बघायला जातो. बागेत मात्र फायबरचं हरीण आणि सिमेंटचा जिराफ उभा करून जिवंत प्राण्यावर औषध मारायला निघतो. घसरगुंडीखाली रबराची फरशी घालायची सूचनाही त्याच गटावर आली आहे. मुलं पडतात, त्यामुळे ती अगदीच चुकीची नाही. पण बाकड्यांखालची माती तेवढी उघडी ठेवायला हरकत नसावी.

औषध मारण्याआधी एवढं करून बघा. गवताच्या काडीनं खड्ड्याच्या काठावरून चार कण खाली ढकला. आतून मातीचा फवारा येतो. नंतर तिथलीच मूठभर कोरडी माती कागदावर हळूहळू ओतून रास करा. राशीची उंची भागिले तळाची अर्धी रुंदी हे गणित मुलांनाच करू द्या, उत्तर ०.६ ते ०.७ च्या आसपास येईल, म्हणजे वरचाच ३० ते ३५ अंशांचा उतार. मलप्रभेची वाळू मिळाली तर तिचंही मोजा. शेवटी त्याच मातीत थोडं पाणी कालवून पुन्हा रास करा, आणि तोच भागाकार परत करा.