ग्रामपंचायतीला उभं राहायचंय? आधी माहेरची कागदं गोळा करा

मागच्या एका निवडणुकीत तहसील कचेरीच्या पायरीवर एक वहिनी मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीत आधार, रेशन कार्ड, सासऱ्यांचा जातीचा दाखला, नवऱ्याची जात पडताळणी, सगळं घडी मोडू न देता ठेवलेलं. जागा ओबीसी महिला राखीव. शेवटचा दिवस, दुपारचे पावणेतीन. त्यांच्या स्वतःच्या नावाचा जातीचा एकही कागद त्या पिशवीत नव्हता, आणि तो लागतो हे त्यांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. तीन वाजता खिडकी बंद झाली.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात मी बायकांना अर्ज भरायला मदत करते. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तरीही आरक्षण सोडत झाली की गावात बाई शोधतात आणि अर्जाच्या आदल्या रात्री कागद शोधतात. निवडणूक लागायच्या आधी सहा महिने हे वाचलंत, तर त्याचा खरा उपयोग होईल.

सोप्या गोष्टी आधी उरकते. वय 21 पूर्ण हवं. 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पास असल्याचा पुरावा लागतो. अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, त्याची प्रिंट काढून सही करायची आणि अनामत रकमेसह निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे द्यायची, बहुधा सकाळी 11 ते दुपारी 3 या वेळेत. सोबत मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांबाबतचं घोषणापत्र, खर्चासाठी वेगळं बँक खातं आणि शौचालय वापराचा दाखला. हा दाखला ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्याकडे मागा. संकेतस्थळावर विसंबून शेवटचा दिवस गाठू नका. डिसेंबर 2020 मध्ये ते इतकं अडकलं की आयोगाला हातानं भरलेले अर्ज घ्यायची परवानगी द्यावी लागली होती.

मतदार यादीत मात्र नव्या सुना हमखास अडकतात. लग्नाला तीन वर्षं झाली तरी नाव माहेरच्या यादीत. ग्रामपंचायतीसाठी आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशी विधानसभेची जी यादी असेल तीच वापरतो. त्यानंतर नाव लावून घेतलं तर ते पुढच्या वेळी कामाला येतं, या वेळी नाही. नमुना 8 भरून नाव सासरच्या गावात आणायचं काम आजच करा, आणि यादीत, आधारवर, दाखल्यावर नाव एकसारखं आहे का तेही बघून घ्या.

आता जातीचा दाखला. राखीव जागेवर उभं राहायचं असेल तर जात वडिलांकडून बघतात. नवऱ्याची पडताळणी कितीही पक्की असली तरी ती तुमच्या उपयोगाची नाही. खुल्या प्रवर्गातली मुलगी राखीव प्रवर्गातल्या घरात दिली म्हणून तिला ते आरक्षण मिळत नाही. पुरावाही जुना लागतो: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधी वडिलांचं घराणं कुठं राहत होतं आणि जात काय नोंदली होती, हे दाखवावं लागतं. दाखला तिथल्या प्रांताधिकाऱ्यांकडून मिळतो. म्हणजे माहेर पाटणचं आणि सासर तासगावचं असेल, तर तासगावात खेटे घालून काही होणार नाही. दाखल्याची पडताळणीसुद्धा लागते, आणि ती ज्या जिल्ह्याचा दाखला त्याच जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे. आपल्या सातारा-सांगलीकडची अनुसूचित जमातीची पडताळणी पुण्याच्या समितीकडे होते.

बाई चाळीस-पन्नाशीची असते, वडील गेलेले असतात, आजोबा शाळेतच गेलेले नसतात. अशा वेळी आत्या, चुलते, चुलत आजोबा यांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा चालतो. तोही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक असतं, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची जुनी नोंद. सातारा-सांगलीकडे जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात. पिवळं पडलेलं पान, एका ओळीत बापाचं नाव, जात आणि तारीख, आणि ते वाचायला जाणकार लिप्यंतरकार लागतो. यात महिने जातात. सगळ्यात जवळची वाट म्हणजे माहेरी कुणाची पडताळणी झाली आहे का ते विचारणं. सख्खा भाऊ, चुलत भाऊ, आत्या, कुणाचंही वैधता प्रमाणपत्र असलं तर तुमचं काम खूप हलकं होतं. भावाला आज फोन करा.

दाखल्यावर माहेरचं नाव आणि अर्जावर सासरचं, यानं छाननीत हरकत येते. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात सोबत जोडा.

जत, मिरज, कवठे महांकाळकडच्या बायकांसाठी हे वेगळं सांगते. अथणी, चिकोडी, विजापूरकडच्या सोयरिकी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. पण कर्नाटकातल्या वडिलांच्या जातीचा दाखला महाराष्ट्रातल्या राखीव जागेला चालत नाही. जात तीच, भाऊबंद तेच, तरी चालत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण छाननीच्या टेबलावर त्याचा उपयोग नाही. अशा बाईनं सर्वसाधारण महिला किंवा सर्वसाधारण जागेवर उभं राहावं. हो, महिलेला खुल्या सर्वसाधारण जागेवरही लढता येतं. गावात हे मुद्दाम सांगावं लागतं.

पडताळणी हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पावती आणि मुदतीत वैधता प्रमाणपत्र आणून देईन असं हमीपत्र देऊन उभं राहता येतं. या हमीपत्राची मुदत मात्र फार जणी चुकीची मोजतात. कधी सहा महिने छापलेले असतात, कधी बारा. तुम्ही सही करताय त्या कागदावर काय आहे ते वाचा. मुदत मोजायची ती निवडून आल्याचं जाहीर झालं त्या दिवसापासून. पहिल्या सभेपासून नाही, सरपंच निवडीपासूनही नाही. ती चुकली तर पद जातं, मग कामं कितीही केलेली असोत.

घरपट्टी-पाणीपट्टीचंही तसंच. बिल दिल्यापासून तीन महिन्यांत भरलं नसेल तर अपात्रता लागते. अर्ज भरण्याच्या दिवसाच्या आधी रक्कम भरली असेल तर ती लागत नाही. आधी म्हणजे आधी, त्याच दिवशी सकाळी नाही. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुटका नाही. एकत्र कुटुंबातल्या एकाची थकबाकी सगळ्यांना लागते. पावती घ्या आणि सांभाळून ठेवा.

अतिक्रमणाचं त्याहून कठीण. घर गायरानात किंवा सरकारी जागेत असेल, बांधलं सासऱ्यांनी, तेही तुमच्या लग्नाआधी, तरी तिथं राहणारी सून अपात्र ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये तसा निकाल दिला आहे. घराची जागा कुणाची, हे उभं राहण्याआधी विचारून घ्या, नाहीतर निवडून आल्यावर विरोधक विचारतील.

12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर अपात्रता आहे. एक मूल असताना दुसऱ्या बाळंतपणात जुळं झालं तर ते एकच धरतात. तिसरं मूल नात्यात दत्तक दिलं तरी ते तुमचंच मोजलं जातं. हा प्रश्न मी बाईला विचारला की उत्तर बहुतेकदा शेजारी उभा असलेला नवरा किंवा दीर देतो, "भरा, काय होत नाही". वहिनी, सही तुमची आहे. खोटी माहिती निघाली तर नोटीस तुमच्या नावानं येते. अर्जातली ओळ न् ओळ स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या, आणि मगच सही करा.

निकालानंतरचं एक काम सगळे विसरतात, ते म्हणजे खर्चाचा हिशेब. निकालापासून 30 दिवसांत तो द्यावा लागतो. जिंकलेल्या, हरलेल्या आणि बिनविरोध आलेल्या, सगळ्यांनी. एक रुपया खर्च झाला नसेल तर शून्य लिहून द्यायचा. दिला नाही तर आयोग पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. बिनविरोध आलेल्या बाईला गावात कुणी हे सांगत नाही. हिशेब दिला की पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह, आणि ती त्याच पिशवीत ठेवा.