पेन्शनचा हिशेब कमावत्यांपर्यंत कसा आला

देश म्हातारा होऊ लागला की बचत, कर आणि वेतन या तिन्हींवर ताण येतो, आणि त्याचे मूळ १८८९ च्या जर्मनीपर्यंत जाते. बिस्मार्कच्या काळातल्या कायद्याने कामगारांना वयाच्या सत्तराव्या वर्षापासून पेन्शन देऊ केली, पण त्या वयाला पोचणारे कामगार थोडेच असल्याने खर्चाची झळ फारशी बसली नाही.

अमेरिकेत १९३५ साली सामाजिक सुरक्षा कायदा झाला. जानेवारी १९४० मध्ये मासिक पेन्शनचा पहिला धनादेश मिळालेल्या आयडा मे फुलर यांच्या पगारातून तीन वर्षांत एकूण २४.७५ डॉलर कापले गेले होते. १९७५ मध्ये शंभराव्या वर्षी त्या वारल्या, तोवर त्यांना २२,८८८.९२ डॉलर मिळाले. यात गैर काहीच नव्हते, कारण वरची रक्कम पुढच्या पिढीच्या पगारातून येत होती आणि ती पिढी मोठी होती. १९६० मध्ये तिथे एका लाभधारकामागे पाच वर्गणीदार होते. २०१० मध्ये तीनही उरले नव्हते.

माणूस कमावत्या वयात साठवतो आणि उतारवयात ते खर्चतो, हा विचार मोदिग्लियानी आणि ब्रुमबर्ग या अर्थतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात मांडला. संपूर्ण देशाला तो कसा लागू पडतो, हे जपानमध्ये स्पष्ट दिसते. तिथे ६५ वर्षांवरील लोकांचा वाटा १९७० मध्ये सात टक्के होता, तो अवघ्या २४ वर्षांत चौदा टक्क्यांवर गेला. फ्रान्सला याच वाटचालीला शंभरहून अधिक वर्षे लागली होती. १९७० च्या दशकाच्या मध्यास वीस टक्क्यांच्या वर असलेला जपानी कुटुंबांचा बचतदर पुढे घसरत गेला. १९८९ मध्ये तीन टक्क्यांनी सुरू झालेला उपभोग कर, म्हणजे खरेदीवरचा कर, २०१९ मध्ये दहा टक्के झाला, आणि नोकरदारांच्या पेन्शनची वर्गणी २०१७ पर्यंत वेतनाच्या १८.३ टक्क्यांवर नेण्यात आली. यातला निम्मा भाग मालक भरतो हे खरे, पण तो पैसा बऱ्याच अंशी पगारवाढीतूनच वळता होतो, असे अनेक अर्थतज्ज्ञ मानतात, आणि मलाही ते पटते.

वेतनाचा भाग सर्वांत गुंतागुंतीचा आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही याची खंत वाटते. काम करणारे हात कमी झाले की मजुरी वाढावी, ही अपेक्षा साहजिक आहे. जपानमध्ये कमावत्या वयाची लोकसंख्या १९९० च्या दशकाच्या मध्यापासून घटू लागली, तरी सरासरी वेतन दीर्घकाळ जवळपास जागच्या जागीच राहिले. त्याचे एक मोठे कारण असे, की ती जागा भरायला स्त्रिया आणि साठी ओलांडलेली माणसेच पुढे आली, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला अर्धवेळ किंवा कंत्राटी, कमी पगाराची कामे आली.