एक टक्का शाईचा हिशेब

तीनशे जीएसएम बोर्डाचं छापील खोकं घेतलं, तर चौरस मीटरमागे तीनशे ग्रॅम कागद आणि जेमतेम दोन-तीन ग्रॅम शाई भरते. शंभरात एक भाग. तरीही त्या खोक्यापासून पुन्हा चांगला कागद होणार का, आतल्या खाण्यात काही उतरणार का, आणि वेष्टनच खायचं असेल तर ते पोटात घालण्याजोगं राहील का, यातलं बरंचसं त्या एका भागावर ठरतं. पर्यावरणपूरक पॅकेजिंगची चर्चा मात्र कागद, प्लास्टिक आणि समुद्री शेवाळ यांच्याभोवती फिरत राहते. छापखान्याकडे कोणी बघत नाही.

टक्के कसे मोजायचे

खोक्यावर '८० टक्के रिसायकल्ड' असं छापलेलं असतं, तेव्हा आधी विचारावं की कशाचे ८० टक्के? आयएसओ १४०२१ या मानकात दोन प्रकारचा माल धरतात. एक, ग्राहकाने वापरून टाकलेला. दुसरा, ग्राहकापर्यंत न पोचता एखाद्या कारखान्यातून कचरा म्हणून बाहेर पडलेला, जसं छापखान्यातली कात्रणं. पण कागद गिरणीतच निघालेले तुकडे गिरणीने त्याच प्रक्रियेत परत घातले, तर ते मोजायचे नाहीत. समजा हजार किलो बोर्डात ५०० किलो घरोघरची रद्दी, १५० किलो छापखान्याची कात्रणं, १५० किलो गिरणीचीच तुटफूट आणि २०० किलो नवा लगदा आहे. खरा आकडा ६५ टक्के. तुटफूट धरली की तो ८० होतो. बोर्ड घेताना पुरवठादाराकडून हे चार आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. एकच गोल आकडा हाती ठेवणाऱ्याला पुन्हा विचारावं.

जुना तंतू नव्यासारखा का वागत नाही

सूचिपर्णी झाडाच्या लगद्यातला तंतू साधारण तीन मिलिमीटर लांब असतो, रुंदपर्णी झाडाचा एक मिलिमीटरच्या आसपास. पहिल्यांदा कागद वाळतो तेव्हा तंतूच्या भिंतीतली सूक्ष्म छिद्रं मिटतात आणि सेल्युलोजचे पदर एकमेकांना इतके घट्ट चिकटतात, की पुढे भिजवलं तरी तंतू पूर्वीइतका फुगत नाही. ताठ तंतू शेजारच्या तंतूला नीट बिलगत नाही, त्यामुळे कागद कमजोर होतो. त्याला पुन्हा मऊ करायला गिरणीत रगडावं लागतं. रगडल्यावर तो तुटतो, बारीक भुसा वाढतो आणि यंत्राच्या जाळीवर पाणी गळायला वेळ लागतो. म्हणून अशा बोर्डात वरून स्टार्च घालतात, आणि म्हणूनच खोक्याचा बोर्ड थरांचा करतात: वरचा थर पांढरा आणि गुळगुळीत, मधला मिश्र रद्दीचा, मागचा करडा.

ऑफसेट मशीनवर याचा पहिला त्रास धुळीचा. आखूड, सैल तंतू चिकट शाईने उचलले जातात, ब्लँकेटवर (शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी पडद्यावर) साचतात आणि सलग रंगाच्या पट्ट्यात पांढरे ठिपके दिसू लागतात. शाईचा चिकटपणा थोडा कमी करणं, ब्लँकेट नेहमीपेक्षा लवकर धुणं आणि बोर्ड मशीनवर घेण्याआधी त्याच्या कडांवरची धूळ ओढून घेणं, एवढं केलं की बहुतेक वेळा निभावतं. दुसरा त्रास, छापील चित्र ज्या बारीक ठिपक्यांचं बनतं ते पसरण्याचा. कोटिंग नसलेल्या रिसायकल्ड बोर्डावर चार रंगांची मिळून शाई (एक सलग रंग म्हणजे १०० टक्के) ३०० टक्क्यांपर्यंत नेण्यात अर्थ नाही. २६० ते २८० वर थांबवावी, आणि करडी छटा तीन रंग मिसळून करण्याऐवजी काळ्यावर ढकलावी. शाई वाचते, सुकतेही लवकर.

तिसरा त्रास घडीचा, आणि तक्रारी सर्वांत जास्त इथूनच येतात. क्रीजिंग म्हणजे घडीच्या जागी बोर्ड बोथट पट्टीने खालच्या खाचेत दाबणं. त्या खाचेची रुंदी काढायचा रूढ आडाखा असा: बोर्डाच्या जाडीची दीडपट, अधिक पट्टीची जाडी. बोर्ड ०.४ मिमी आणि पट्टी ०.७ मिमी असेल तर ०.६ अधिक ०.७, म्हणजे १.३ मिमी. लांब तंतूचा नवा बोर्ड एवढ्यात सुखाने वळतो. आखूड तंतूच्या बोर्डाचा वरचा थर त्याच खाचेत ताणला जाऊन फुटतो आणि घडीवर छपाईची पांढरी रेघ उमटते. खाच ०.१ मिमीने रुंद करून चाचणी घ्यावी, मुख्य घड्या ग्रेनला (तंतूंच्या दिशेला) समांतर ठेवाव्यात आणि बोर्ड ५० ते ५५ टक्के आर्द्रतेत स्थिरावू द्यावा. कोरडा पडलेला बोर्ड कोणत्याही खाचेत फुटतो. हे सगळं करूनही रेघ दिसत असेल तर घडीवरून गडद रंग काढून टाकायला डिझायनरला सांगावं. खरं तर हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं.

पल्परमध्ये (कागद घुसळायच्या टाकीत) शाईचं काय होतं

छापील कागदातून शाई धुऊन पुन्हा कागद करायची खटपट जुनी आहे. जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे कायदेपंडित युस्टुस क्लाप्रोट यांनी १७७४ मध्येच त्यावर पुस्तिका काढली होती. आज हे काम मुख्यतः बुडबुड्यांवर चालतं.

प्रयोगशाळेतली एक प्रमाण चाचणी पाहिली की गिरणीचा अंदाज येतो. कागद कोमट पाण्यात, सुमारे ४५ अंश सेल्सियसला, १५ टक्के घट्टपणाचा (शंभरात १५ भाग कागद) लगदा होईल असा घुसळतात. कागदाच्या वजनाच्या ०.६ टक्के कॉस्टिक सोडा, १.८ टक्के सोडियम सिलिकेट, ०.७ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ०.८ टक्के ओलेइक आम्ल घालतात. सोड्याने तंतू फुगतो आणि त्यावरचा शाईचा पापुद्रा तडकून सुटतो. ओलेइक आम्लाचा साबण होतो. पाण्यातल्या कॅल्शियमच्या मदतीने तो शाईच्या कणांना चिकटून त्यांना पाण्यापासून फटकून वागायला लावतो. मग लगदा एक टक्क्याहून पातळ करून खालून हवा सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना लटकून वर येतात आणि राखाडी-काळा फेस जमतो. तो काढून टाकायचा. तंतू पाणी धरून असल्यामुळे खालीच राहतो.

सगळी गोम कणाच्या आकारात आहे. साधारण १० ते १०० मायक्रॉनचा कण बुडबुड्याला नीट सापडतो. फ्लेक्सो (लवचीक ठशांच्या) छपाईची पाण्यावर आधारलेली शाई ऐकायला सौम्य वाटते, पण अल्कलीत तिचे कण मायक्रॉनभराचे होतात, शिवाय पाण्याशी त्यांचं सख्य असतं. ते फेसात येत नाहीत, पाण्यात फिरत राहून सगळा लगदा काळवंडतात. उलट टोकाला यूव्ही दिव्याखाली घट्ट झालेली शाई असते: तिचे मोठे, चपटे पापुद्रे निघतात, बुडबुड्यांवरून घसरतात आणि नव्या कागदावर काळे ठिपके होऊन बसतात. इंकजेटमधला विद्राव्य रंग तर कण नसतोच, तो सरळ पाण्यात उतरतो.

'सोया शाई' किंवा वनस्पती तेलाची शाई म्हणजे आपोआप रिसायकलला सोपी, हा समज इथे तपासून घ्यावा. तेल पेट्रोलियमचं नाही, हा फायदा खरा. पण हवेतल्या ऑक्सिजनने सुकणारं वनस्पती तेल महिन्यागणिक अधिक घट्ट जाळं विणतं, आणि जुना छापील कागद ताज्यापेक्षा हट्टी होतो. म्हणूनच त्या प्रमाण चाचणीत नमुना आधी ६० अंशाला तीन दिवस ठेवून मुद्दाम म्हातारा करतात.

शाईपेक्षाही गिरणीला नकोसा असतो तो गोंद. हॉट मेल्टचा (गरम वितळवून लावलेल्या गोंदाचा) जाड ओघळ थंड पाण्यात तुकड्यांनी निघतो आणि चाळणीत अडकतो, ते बरं. स्टिकरचा कायम चिकट राहणारा गोंद मऊ पडून, चपटा होऊन चाळणीतून निसटतो, वाळवणीच्या रोलरवर चिकटतो आणि धावता कागद तोडतो. खिडकीच्या फिल्मला आणि लेबलाला कोणता गोंद लावलाय, हा प्रश्न रंगाच्या पॅन्टोन नंबराइतक्याच आस्थेने विचारला पाहिजे.

जी शाई काढलीच जात नाही

एक गोष्ट बहुतेक लेखांतून सुटते. शाई काढण्याचा हा खटाटोप प्रामुख्याने लिहिण्या-छापण्याच्या पांढऱ्या कागदासाठी असतो. खोक्याच्या मधल्या करड्या थरात जाणारी मिश्र रद्दी सहसा नुसती भिजवून, चाळून वापरतात. शाई तशीच आत राहते.

त्या रद्दीत वर्तमानपत्रं असतात. वर्तमानपत्राची पारंपरिक शाई सुकत नाही. तिच्यातलं खनिज तेल कागदात नुसतं मुरतं. ते मधल्या थरात येतं आणि तिथून वाफेच्या रूपाने, अगदी साध्या तापमानाला, हळूहळू खोक्यातल्या कोरड्या पिठात किंवा धान्यात पोचतं. खाद्य बोर्डाला टेकलेलंच असलं पाहिजे असं नाही. सुमारे २४ कार्बन अणूंपर्यंतच्या साखळ्या असा हवाई प्रवास करतात, त्याहून जड रेणू बहुतांशी जागीच राहतात. आत पॉलिथिनची पिशवी घातली म्हणजे झालं, असं वाटतं. पण पॉलिथिन थोडा काळ तेल शोषतं आणि मग पलीकडे सोडतं. पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) किंवा ॲल्युमिनियमचा थर मात्र अडवतो. मुळावर घाव घालायचा तर शाईच बदलायला हवी. फ्रान्सने २०२२ पासून पॅकेजिंगवर आणि नंतर छापील कागदावर खनिज तेलांच्या वापराला मर्यादा घातल्या त्या याच कारणाने.

दुसरी वाट याहून फसवी आहे. छापलेले ताव एकावर एक रचले किंवा छापील फिल्म गुंडाळली, की एकाची छापील बाजू दुसऱ्याच्या आतल्या बाजूला टेकते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण शाईतले लहान रेणू पलीकडे उतरतात. याला छापखान्यात सेट-ऑफ म्हणतात. २००५ मध्ये इटलीत बाळांच्या दुधात आयटीएक्स नावाचं, यूव्ही शाई सुकवायला वापरलं जाणारं रसायन सापडलं, ते कार्टनच्या बाहेरच्या यूव्ही शाईतून असंच आत गेलं होतं. उपाय सगळे ठाऊक असलेले आहेत: मोठ्या रेणूंची 'लो मायग्रेशन' शाई, पूर्ण सुकवण, गंजीची उंची कमी, आणि जिथे जमेल तिथे छपाईविना कोरी जागा. त्यातही दिव्याची ताकद नियमित मोजणं राहून जातं. यूव्ही दिवा जुना झाला की छपाई बोटाला कोरडी लागते, पण आत न जुळलेले रेणू शिल्लक असतात.

वेष्टनच खायचं असेल तर

खाद्य वेष्टन म्हणजे काही चमत्कार नाही. औषधाची जिलेटिन कॅप्सूल हे त्याचंच रूप, तिचं पेटंट १८३४ चं. फिल्मसाठी स्टार्च, समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, बुरशीपासून मिळणारं पुलुलान, जिलेटिन, दुधातलं केसिन असे पर्याय आहेत.

अल्जिनेटची फिल्म कशी ओततात ते पाहू. दोन ग्रॅम सोडियम अल्जिनेट आधी एक ग्रॅम ग्लिसरॉलमध्ये कालवायचं. कोरडी पूड थेट पाण्यात टाकली तर बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या तासन् तास विरघळत नाहीत. मग १०० मिली पाण्यात जोरात घुसळायचं आणि बुडबुडे निघून जाईपर्यंत झाकून ठेवायचं. २० गुणिले २० सेंटिमीटरच्या सपाट ट्रेमध्ये ओतलं की अडीच मिलिमीटरचा थर होतो; ४० अंशाला दिवसभर वाळवल्यावर साधारण ५० मायक्रॉनची फिल्म उरते. ती दोन टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात मिनिटभर बुडवून धुतली, की कॅल्शियम साखळ्यांना एकमेकींशी बांधतं आणि फिल्म पाण्यात विरघळेनाशी होते. वाळताना कडा दाबून ठेवल्या नाहीत तर ती आक्रसून सुरकुतते. ग्लिसरॉल कमी पडलं तर दुमडताच तडकते, जास्त झालं तर हवेतलं पाणी ओढून चिकट होते.

अशा फिल्मची दुखरी नस पाणीच आहे. कोरड्या हवेत त्या ऑक्सिजन छान अडवतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेली केसिनची फिल्म या बाबतीत साध्या प्लास्टिकच्या खूप पुढे होती. पाण्याची वाफ मात्र त्यांच्यातून सहज आरपार जाते. २०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये धावपटूंना समुद्री शेवाळाच्या कवचात पेय दिलं, ते जमलं. कारण तिथे हातात घेऊन लगेच तोंडात टाकायचं होतं. महिनोन् महिने फडताळात बसणाऱ्या मालासाठी ही फिल्म एकटी पुरत नाही. कोरड्या मसाल्याची किंवा पावडरची एका वेळेची, कॅल्शियममध्ये न बुडवलेली, पाण्यात विरघळून जाणारी पुडी ही तिची खरी जागा.

त्यावर छापायची शाईही खाण्याचीच हवी: मान्यताप्राप्त खाद्यरंग, पाणी, थोडं ग्लिसरॉल किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल, आणि लवकर सुकावं म्हणून अल्कोहोल. पाणी जास्त असलेली शाई फिल्म फुगवते आणि अक्षरांच्या कडा पसरतात, त्यामुळे जाड ठशाची अक्षरं आणि कमी शाई. कॅल्शियमची बुडवण द्यायची असेल तर ती आधी, छपाई नंतर. उलटं केलं तर विद्राव्य रंग बाथमध्येच धुऊन जातो. स्पिरुलिना शेवाळाचा निळा तापमान वाढलं की आणि आम्लात टिकत नाही, फळांचा जांभळा आम्लता बदलली की रंग पालटतो. पांढऱ्याची अडचण वेगळीच. तो टायटॅनियम डायऑक्साइडवर चालायचा. युरोपीय संघाने २०२२ मध्ये त्याचा खाद्यपदार्थांतला वापर बंद केला. कॅल्शियम कार्बोनेट चालतं, पण त्याचा झाकणारा थर फिका पडतो, म्हणून गडद फिल्मवर पांढरी अक्षरं छापायचा हट्ट सोडावा. आणि नेहमीची शाई वापरलेल्या इंकजेट मशीनमध्ये खाद्य शाई भरू नये. हेड कितीही धुतलं तरी नळ्यांत आणि गाळण्यांत जुनी शाई उरते.

शेवटी प्रश्न येतो माहितीचा. केसिन दुधातलं, गव्हाच्या स्टार्चमध्ये ग्लुटेनचा अंश राहू शकतो, कायटोसन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातलं. त्याची ॲलर्जी असणाऱ्याला ते खाण्याआधी कळायला हवं. बॅच नंबर आणि तारीख खाऊन टाकलेल्या फिल्मवर असून उपयोग नाही. उघड्या फिल्मला हात, धूळ आणि दमट हवा लागते, तेव्हा तिला बाहेरून एक खोकं लागतंच. ही माहिती त्या खोक्यावर छापतात, आणि ते बहुधा रिसायकल्ड बोर्डाचंच असतं. आतली फिल्म खायची असल्यामुळे त्या बोर्डातून काय झिरपतंय हे इथे नेहमीपेक्षा कसून तपासावं लागतं.